एकच रेस्टॉरंट बुधवारी झकास आणि शनिवारी फसलेलं, असं काहून होतं?

तुमचा प्रश्न वाचला आणि खरं सांगते, वाईट वाटलं. आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं झाली म्हणून तुम्ही सहा जण शनिवारी रात्री पावणेनऊला नागपुरातल्या एका नव्या, एकदम स्टायलिश रेस्टॉरंटमध्ये गेलात. टेबल बुक असून २५ मिनिटं दारात उभं राहावं लागलं, मग स्टार्टर आणि मेन कोर्स एकदमच आले, दाल मखनी कोमट, म्युझिक एवढं मोठं की बाबांना शेजारी बसलेल्या आईचं ऐकू येईना, आणि वरून बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज. अन् तुमची वहिनी तिथेच पंधरा दिवस आधी बुधवारी जाऊन आली, ती म्हणते नागपुरात असं जेवण दुसरीकडे मिळत नाही. तुम्ही विचारलंय की मग खोटं कोण बोलून राहिलं, रिव्ह्यू विकत घेतलेले असतात का, आणि पुन्हा जावं की नाही.

मी २१ वर्षं या लाइनमध्ये आहे. हॉस्टेस म्हणून दारात उभी राहिले तिथून सुरुवात, मग कॅप्टन, म्हणजे टेबलाची ऑर्डर घेणारी, मधे चार वर्षं पुण्यात, आणि आता बरीच वर्षं इथेच नागपुरात फ्लोअर, म्हणजे जेवायचा हॉल, सांभाळते, नवीन लोकांना रेस्टॉरंट उभं करून देते. तं माझं उत्तर असं की खोटं कोणीच बोलत नाहीये. बुधवारचं रेस्टॉरंट आणि शनिवारी नऊ वाजताचं रेस्टॉरंट या दोन वेगळ्या जागा असतात, बोर्ड तेवढा एक असतो.

कसं ते सांगते, कारण हे बाहेरून दिसत नाही. समजा ९० खुर्च्या आहेत. बुधवारी त्यातल्या ३५ भरतात, त्याही साडेसातपासून दहापर्यंत हळूहळू. शनिवारी काय होतं, आपल्या नागपूरच्या माणसाला नऊच्या आधी जेवायला बाहेर पडणं म्हणजे दुपारीच जेवल्यासारखं वाटतं, इतवारी-गांधीबागची दुकानं बंद होतात, लोक घरी जाऊन कपडे बदलतात आणि सगळे पावणेनऊ ते साडेनऊ या पाऊण तासात दारात. म्हणजे ७० माणसं एकाच वेळी बसतात आणि दहा मिनिटांत सगळ्यांची ऑर्डर किचनमध्ये जाते. आता तंदूर किती? बहुतेक ठिकाणी एक चालू, फार तर दोन. एका तंदूरमध्ये सात-आठ सळया, चिकन टिक्क्याला धरा बारा मिनिटं. एका प्लेटला एक सळई, कधी दीड, म्हणजे एका राउंडला पाच-सहा प्लेटा. दहा टेबलांनी प्रत्येकी दोन तंदूरी स्टार्टर मागवले की झाल्या २० प्लेटा, म्हणजे चार राउंड, म्हणजे पाऊण तासाच्या वर, आणि त्याच तंदूरमध्ये मधे मधे नान-रोटी पण लावायची आहे. दहाव्या टेबलाचा पनीर टिक्का पाऊण तासाच्या आत येऊच शकत नाही, मग शेफ कोणी का असेना. बुधवारी हाच तंदूरवाला हाच टिक्का दुसऱ्या राउंडमध्ये देतो आणि तुमची वहिनी खूश होऊन घरी जाते.

आणि तुमचं स्टार्टर अन् मेन कोर्स एकदम काहून आलं तेही यातच आहे. तंदूर अडकलेला असताना ग्रेव्हीवाला आणि कढईवाला तुलनेने मोकळे असतात. केओटी, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, त्यांच्या समोर पण लागलेली असते, ते आपापलं काढून पासवर ठेवतात. पास म्हणजे किचन आणि फ्लोअरच्या मधला तो कट्टा, जिथून प्लेट उचलली जाते. तिथे एक जाणता माणूस उभा असायलाच पाहिजे जो ओरडून सांगेल की टेबल १२ चा मेन थांबवा, अजून स्टार्टर गेलं नाही. हा माणूस ठेवला की सगळं बदलतं, मी दहा वेळा पाहिलंय. पण त्याचा पगार वाचवायचा म्हणून मालक ते काम शेफवर टाकतो, शेफ शनिवारी स्वतः पॅनवर असतो, मग पास अनाथ, आणि रनर पोरगा जे दिसेल ते उचलून टेबलावर नेऊन ठेवतो. त्याची काय चूक, त्याला आदल्या आठवड्यात घेतलेलं असतं.

दाल कोमट होण्याचं कारण तं मी डोळ्यांनी रोज पाहते. दाल मखनी किचनमधून उकळती निघते. ती ओततात त्या जाड, काळ्या, मॅट फिनिशच्या वाडग्यात, फोटोत फार सुंदर दिसतो तो, पण रॅकवर एसीच्या गार हवेत ठेवलेला असतो आणि जाड माती असल्यामुळे दालची पहिली सगळी गर्मी तोच पिऊन टाकतो. मग ती पासवर नान येईपर्यंत चार-पाच मिनिटं थांबते, वरची साय धरते, मग रनर ती एसीच्या झोताखालून घेऊन जातो. टेबलावर पोचेपर्यंत कोमट. उपाय काय, वाडगे गरम करायचं एक कपाट, प्लेट वॉर्मर म्हणतात. ज्या जागेने भिंतीवरच्या पितळी कामावर लाखो रुपये लावले तिथे हे कपाट नसतं, आणि हे मला मनापासून टोचतं. गरम जेवण गरम मिळणं ही पहिली गोष्ट आहे हो, बाकी सगळं नंतर.

अजून एक गोष्ट जी ग्राहकाला कोणी सांगत नाही. नवीन महागडं रेस्टॉरंट उघडतं तेव्हा सहसा बाहेरचा कन्सल्टंट शेफ येतो, मुंबई-दिल्लीहून आपली सात-आठ पोरं घेऊन, मेन्यू बसवतो, दोन-तीन महिने उभा राहतो आणि जातो. ती टीम पण हळूहळू निघते. मागे राहतात इथली पोरं, बालाघाट, छिंदवाडा, भंडारा, गोंदियाची, मेहनती असतात, पण त्यांना रेसिपी कागदावर मिळालेली असते, हात बसायला वेळच मिळालेला नसतो. ब्रेक शिफ्ट करतात ती, सकाळी ११ ते साडेतीन आणि परत साडेसहा ते रात्री साडेबारा-एक, मधले तीन तास कुठे जायचं तं एका खोलीत आठ जण. दिवाळी आली, लग्नसराई आली की त्यातली चार गावी जातात आणि दोन परत येत नाहीत. म्हणून पहिल्या दोन महिन्यांतली तारीफ आणि सहाव्या महिन्यातली शिवी दोन्ही खरी असते. रिव्ह्यू विकत घेतात का, काही घेतात, फुकट जेवायला बोलावून व्हिडिओ तं सर्रास करतात, पण तो प्रश्न छोटा आहे. मोठा प्रश्न तारखेचा आहे. मी स्वतः कुठे जायचं असलं की मागच्या सहा-आठ आठवड्यांचेच रिव्ह्यू वाचते, त्यातही कोण कोणत्या वारी किती वाजता गेलं ते शोधते, आणि पदार्थाचं नाव घेऊन लिहिलेल्यावर विश्वास ठेवते. "अँबियन्स सुपर, स्टाफ सुपर" याच्यात जेवणाबद्दल एक शब्द नसतो. तेच "बिर्याणीत तळाचा भात ओला होता, पण सीख मस्त" असं कोणी लिहिलं तं तो माणूस तिथे खरंच जेवलाय.

आता आवाज. हा म्युझिकचा एकट्याचा दोष नाही, जागेचा आहे. हल्लीची फॅशन बघा, सिमेंटची उघडी फरशी, काच, उंच छत, उघडे पाइप, टेबलावर कापड नाही, पडदे नाहीत. आवाज शोषून घेणारं काहीच नाही, सगळा परत टेबलावर येतो. मग शेजारचं टेबल जोरात बोलतं म्हणून तुम्ही जोरात बोलता, तुमच्यामुळे तिसरं टेबल. याला नाव पण आहे, लोम्बार्ड इफेक्ट, एका फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये मांडलेला, की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. त्यावर मॅनेजरला वाटतं म्युझिक ऐकू येईना, तो अजून वाढवतो. जुन्या हॉटेलांत गालिचे, जाड पडदे, टेबलक्लॉथ होते ते काय फक्त थाटासाठी नव्हते. वयस्कर माणसाला, त्यात श्रवणयंत्र असेल तं, अशा हॉलमध्ये सगळा आवाज एकच कालवा होऊन ऐकू येतो. बाबा जेवताना गप्प बसले म्हणता ना, रागावले नसतील, त्यांना काही कळतच नसेल कोण काय बोलून राहिलं.

आपल्या शहराचं एक कॅलेंडर पण आहे, ते बाहेरून आलेल्या मालकांना पहिलं वर्षभर कळत नाही. श्रावणात अर्धं शहर नॉनव्हेज सोडतं, मग सगळा भार पनीर, मशरूम आणि व्हेज कबाबवर, तंदूर अजूनच जॅम. संकष्टीला लोक चंद्रोदयानंतरच येतात, तेही सगळे एकदम. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असलं की हॉटेलं फुल, पार्ट्या एवढ्या की चांगले कुक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी रोजीवर जातात, आणि ज्याच्या टेबलावर तुम्ही बसलात त्याचा नेहमीचा माणूस त्या दिवशी दुसरीकडेच असतो. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, रूफटॉप बंद, सगळे आत, एसी दम तोडतो, आणि किचनमध्ये तंदूरसमोर उभ्या पोराची काय हालत असते ते मी लिहून सांगू शकत नाही. त्या दिवसांत मी स्टाफला ताक आणि मीठ-साखर-पाणी दर तासाला पाजते, तरी कोणाला तरी भोवळ येतेच.

मेन्यूबद्दल जरा जास्त बोलते कारण माझा जीव त्यात आहे. आपल्या सावजीवाल्याकडे जा, मटण, चिकन, खूर, कलेजी, अंडाकरी, एखादं पाटोडी रस्सा, सोबत रोटी किंवा भात, संपलं. तोच मसाला, तेच हात, दहा वर्षांनी गेलात तरी तीच तर्री, तोच घाम. आणि आपल्या स्टायलिश रेस्टॉरंटचं मेन्यू कार्ड उघडा, १४० पदार्थ, इटालियन, थाई, सुशी, मुघलाई, मेक्सिकन, आणि कोपऱ्यात "विदर्भ स्पेशल" म्हणून सांबारवडी साडेतीनशे रुपयाला. १४० पदार्थांची तयारी रोज ताजी होऊच शकत नाही, मग अर्ध्या गोष्टी फ्रीजमध्ये पाकिटबंद. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर लांब, कोळंबी-सुरमई बर्फातूनच येणार, त्यात वाईट काही नाही, नीट सांभाळली तं उत्तम लागते, पण मेन्यूवर "फ्रेश कॅच" लिहिलेलं पाहिलं की मला लाज वाटते. त्यापेक्षा भंडारा-गोंदियाकडच्या तलावातली मासळी, झिंगे ठेवा ना, अभिमानाने सांगा इथलं आहे म्हणून. नवीन मालक भेटले की मी हेच सांगते, ४० पदार्थ ठेवा आणि शनिवारी रात्री साडेनऊला ते ४० च्या ४० नीट निघतात का ते पाहा.

यातून तुमच्या कामाचं असं की अशा जागी गेल्यावर त्यांचं किचन कशात पक्कं आहे ते कॅप्टनला विचारा. "स्पेशल काय" विचारू नका, तो महागडं सांगेल. "सगळ्यात जास्त काय जातं" विचारा. जे जास्त जातं ते ताजं असतं आणि त्यावर हात बसलेला असतो.

बिलाचं पटकन सांगते. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलं, हॉटेलवाले कोर्टात गेले, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली हायकोर्टाने प्राधिकरणाच्या बाजूने निकाल दिला. म्हणजे द्यायचा की नाही ते तुमच्या मनावर. बिलात दिसला तं शांतपणे काढायला सांगा, ऐकलं नाही तं १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, स्वतंत्र रेस्टॉरंटला ५ टक्के, आणि ज्या मोठ्या हॉटेलात रूमचं भाडं ७,५०० च्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. बिल चढण्याचं हे एक कारण लोकांच्या लक्षात येत नाही. दारूवर जीएसटी नसतो, व्हॅट असतो, म्हणून काही ठिकाणी दोन बिलं येतात, त्यात गडबड काही नाही. पाण्याच्या बाटलीवरून भांडणं फार होतात, तर डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की हॉटेल-रेस्टॉरंट बाटलीला एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकतात. नको असेल तं बसल्या बसल्या साधं फिल्टरचं पाणी मागा, त्यात लाजायचं काही नाही. आणि सर्व्हिस चार्ज काढलात पण पोराने चांगली सेवा केली असेल तं टिप त्याच्या हातात द्या, एवढं माझ्यासाठी करा.

आता एक गोष्ट सांगते जी मी विसरलेले नाही. मी कॅप्टन होते तेव्हाची, त्या जागेचं नाव नाही घेत. शनिवारच होता, साडेनऊ. कोपऱ्यातल्या टेबलावर आजी-आजोबा, सोबत मुलगा-सून. त्यांची केओटी प्रिंटरमधून निघून खाली पडली होती, किचनला पत्ताच नाही. मला कळलं तेव्हा ४० मिनिटं झाली होती. मी शिकवल्याप्रमाणे धावत गेले, सॉरी म्हटलं, आणि सगळ्यांना फुकट आइस्क्रीम सिझलर पाठवलं, तो धूर सोडत येतो ना तो. सगळं टेबल शांत झालं. आजोबा म्हणाले, "बाई, मला शुगर आहे. मला दोन फुलके आणि गरम वरण मिळालं असतं तं पुरे होतं." मी तिथे उभी राहिले, आणि मला काही बोलताच येईना. मग किचनमध्ये गेले, स्टाफच्या जेवणातलं वरण होतं, साधं, तुरीचं, ते गरम केलं, वरून तूप-जिऱ्याची फोडणी, तंदूरवाल्याकडून दोन पातळ रोट्या बिनामैद्याच्या, आणि स्वतः नेऊन ठेवलं. आजोबांनी पहिला घास खाल्ला आणि मान हलवली. त्या दिवसापासून मी माझ्या स्टाफला ब्रीफिंगमध्ये सांगते, चूक झाली की फुकट काही पाठवायच्या आधी टेबलाजवळ जाऊन वाका आणि विचारा, आत्ता काय हवंय.

पण हे तेव्हाच होतं जेव्हा टेबल बोलतं. आपले लोक, खास करून आईबाबा सोबत असले की, गप्प बसतात, "जाऊ दे, वाढदिवसाच्या दिवशी कशाला भांडण", आणि घरी जाऊन एक स्टार देतात. मी समजू शकते. पण दाल कोमट आली त्याच मिनिटाला हात वर करून "ही गरम करून द्या, घाई नाही" एवढं म्हटलं असतं तं ९० टक्के ठिकाणी पाच मिनिटांत उकळती आली असती. अर्धी संपल्यावर सांगितलं की किचनला वाटतं बिल कमी करायला म्हणून राहिले. म्युझिकचं पण तसंच. वेटरला नका सांगू, त्याच्या हातात ते नसतं. मॅनेजरला बोलवा, म्हणा बाबांना ऐकू कमी येतं, आमच्या वरचा स्पीकर बंद होईल का. बहुतेक जागी स्पीकर झोनमध्ये असतात, एक झोन कमी करता येतो.

आणि पुढच्या वेळी टेबल अ‍ॅपवरून बुक न करता फोन करा, संध्याकाळी सहा-साडेसहाला, तेव्हा स्टाफचं ब्रीफिंग व्हायचं असतं आणि मॅनेजर फोनवर नीट बोलतो. त्याला सांगा की आईबाबांचा दिवस आहे, दोघं वयस्कर आहेत, भिंतीकडचं टेबल हवंय, स्पीकर, किचनचं दार आणि एसीचा झोत यापासून लांब. हे ब्रीफिंगमध्ये बोललं जातं, रिझर्व्हेशनच्या वहीत तुमच्या नावासमोर लिहिलं जातं, आणि तुम्ही येण्याआधीच त्या टेबलाला एक चांगला कॅप्टन लागतो. शनिवारीच जायचं असेल तं साडेसातला बसा, नऊची लाट यायच्या आत तुमचं स्टार्टर पोटात गेलेलं असेल. ऑर्डर देताना सगळे स्टार्टर तंदूरचेच नको, एक तंदूरचं, एक कढईतलं, एक सूप असं वाटा, म्हणजे तुम्ही एकाच माणसावर अवलंबून राहत नाही. मेन कोर्सची ऑर्डर सोबतच द्या पण कॅप्टनला स्पष्ट म्हणा, "मेन होल्ड करा, आम्ही सांगू तेव्हा." होल्ड हा शब्द वापरलात की तो केओटीवर लिहितोच.

पुन्हा जावं का, तं मी असते तर एकदा गेले असते, बुधवारी किंवा गुरुवारी, आईबाबांना न नेता, दोघंच. तीच दाल मखनी मागवा. वाडग्याला बाहेरून हात लावून बघा गरम आहे का. असेल तं मॅनेजरला भेटा, त्या शनिवारचं सगळं जसं मला लिहिलंत तसं सांगा, तारीख आणि टेबल नंबरसकट, आणि तो ऐकताना लिहून घेतो का ते बघा. लिहून घेतलं तर आईबाबांना पुढच्या महिन्यात तिथेच न्या, साडेसातला. बुधवारी पण दाल कोमटच आली तर मग ती जागा सोडा, वहिनीचं नशीब चांगलं होतं त्या दिवशी.

आणि बाबांना ऐकू येत नव्हतं म्हणालात ना, ते एवढं मनावर घेऊ नका, पण टेबल निवडताना त्यांना भिंतीला पाठ करून बसवा आणि आईंना समोर, बाजूला नको. बोलताना ओठ दिसतात, मग बरंच कळतं. माझ्या वडलांना मी असंच बसवते.